‘किती सिटिंग लागतील?’ : समुपदेशनाच्या पहिल्या काही भेटींचं एक प्रकरण

मी सांगलीत खासगी समुपदेशन करते. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांनी वाचून ‘लिहा’ म्हणून सांगितलं आहे. वय, धंदा, नातीगोती यांतले काही तपशील मी बदलले आहेत. पहिल्यांदाच समुपदेशकाकडे जाणाऱ्या माणसाला आत नेमकं काय होतं ते कळावं, म्हणून हे लिहिते आहे. यात माझ्या हातून एक चूक झाली. ती न झाकता लिहिली तरच याचा उपयोग आहे.

पार्श्वभूमी

गल्लीत सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. वय पंचेचाळिशीच्या आसपास. गावभागात वडिलांपासूनचं कापडाचं दुकान, वर राहायचं घर. घरात आई, बायको (त्यांना मी वहिनी म्हणते) आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. गावभागातल्या पुष्कळ लोकांनी त्या वर्षी एक हिशेब धरला होता: २००५ ला जिथपर्यंत आलं होतं, तिथपर्यंतच येईल. दादांनीही भिंतीवरची २००५ ची खूण बघून माल तिच्या हातभर वर चढवला आणि निर्धास्त झाले. पाणी ती खूण ओलांडून गेलं. लग्नसराईसाठी भरलेलं कापड, गणपतीच्या तोंडावर आलेला नवा माल, सगळं चिखलात गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा त्यांनी वेळेत सगळा माल हलवला होता, नुकसान जवळपास झालंच नाही.

गंमत अशी की त्रास सुरू झाला तो या दुसऱ्या, न बुडालेल्या पुरानंतर.

अडचण

दर वर्षी मृग लागला की दादांची झोप जायची. मोबाइलवर कोयनेतून किती विसर्ग सोडला, अलमट्टीत पाणी किती, पुलाजवळ किती फूट, हे दिवसात पन्नास-साठ वेळा बघायचं. सांगलीत पावसाळ्यात प्रत्येक माणूस थोडाफार पाटबंधारे खात्यातलाच असतो, त्यामुळे घरच्यांना त्यात वावगं वाटलं नाही. मग एका रात्री छातीत आवळल्यासारखं झालं, हातपाय गार पडले, ‘आता मी जाणार’ असं वाटलं. रिक्षाने मिरजेला नेलं. ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड सगळं झालं. सगळं नॉर्मल.

महिन्याभरात तसंच आणखी तीनदा झालं. दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, “गॅसेस असतील.” तिसऱ्यांदा म्हणाले, “टेन्शन घेऊ नका.” फॅमिली डॉक्टरांनी रात्री घ्यायला अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधाची अर्धी गोळी दिली होती. आठवडाभरासाठी दिलेली ती अर्धी गोळी सात महिने चालू होती आणि एव्हाना तिची एक झाली होती.

समोरचे पर्याय

घरात जवळपास पंधरा दिवस यावर खल झाला. तो मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळला.

आईचं म्हणणं, बाहेरचं काहीतरी आहे, एकदा दाखवून आणू. दाखवूनही आणलं. त्याने बरं वाटलं नाही आणि बिघडलंही नाही. मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं. वहिनींचा त्याला विरोध होता. “मुलीचं बघायचंय आता. कुणी तिथं बसलेलं बघितलं तर?” या वाक्यावर हसू नका. छोट्या शहरात ही भीती पोकळ नसते. सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग स्वस्त पडला असता, पण तिथेही तेच: केसपेपर काढायच्या रांगेत गल्लीतलं कुणीतरी भेटणारच. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुतण्याने नंबर लावूनही दिला, पण दादा दोन वाक्यं बोलून थांबले. “तोंड दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही,” असं त्यांनी मला सांगितलं. पुतण्यानेच मग माझा नंबर शोधला.

माझ्या मते मानसोपचारतज्ज्ञांकडे आधी जायला हवं होतं. सात महिन्यांची गोळी हाच एक मुद्दा त्यासाठी पुरेसा होता. पण माणूस जिथे जायला तयार असतो तिथूनच सुरुवात होते.

पहिला फोन

फोन दादांनी स्वतः केला, याला मी फार महत्त्व देते. पहिला प्रश्न: “मॅडम, किती सिटिंग लागतील?” दातांच्या दवाखान्यातला हा शब्द आमच्याकडे सर्रास येतो आणि प्रश्न रास्त आहे. रूट कॅनॉलसारखा आकडा मला देता येत नाही, पण ‘बघू’ म्हणून सोडूनही देता येत नाही. मी म्हटलं, “चार भेटी करू. चौथ्या भेटीला आपण दोघं बसून ठरवू, काही फरक पडतोय का, पुढे चालू ठेवायचं का. नाही पटलं तर मी दुसरं नाव सुचवीन.”

मग मी माझी बाजू सांगितली. एक भेट ५० मिनिटांची, फी ८०० रुपये, यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. मी एम.ए. मानसशास्त्र आणि समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेली आहे. डॉक्टर नाही, औषध लिहून देऊ शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती माझ्याकडे नाही. हे कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आपल्याकडे प्रत्यक्षात कुणी अडवत नाही. दोन दिवसांचं शिबिर केलेला माणूसही लावतो. शिक्षण काय, प्रशिक्षण कुठे, अडल्यावर तुम्ही स्वतः कुणाचा सल्ला घेता, हे तीन प्रश्न फोनवर विचारले म्हणून कुठल्याही चांगल्या समुपदेशकाला राग येणार नाही. आला तर तेही उत्तरच.

शेवटी दादांनी आवाज खाली आणून विचारलं, “पार्किंग कुठंय?” मला कळलं. माझी खोली विश्रामबागला एका मेडिकलच्या वर आहे, बाहेर मोठी पाटी नाही. दोन भेटींमध्ये मी पंधरा मिनिटं मोकळी ठेवते, म्हणजे जिन्यात कुणाची कुणाशी गाठ पडत नाही. हे सांगितल्यावर त्यांनी दुपारी दोनची वेळ घेतली. दुकानं तेव्हा अर्धी मिटलेली असतात, रस्त्यावर ओळखीचं कुणी नसतं.

पहिली भेट

दादा आले ते वहिनींसोबत, मांडीवर रिपोर्टांची जाड फाइल घेऊन. पहिला निर्णय मला दारातच घ्यायचा होता: दोघांना आत घ्यायचं की एकट्याला? मी दोघांना घेतलं. वाटलं, वहिनी घाबरल्या आहेत, त्यांना बाहेर बसवलं तर पुढच्या वेळी त्या दादांनाच पाठवणार नाहीत.

पुढची वीस मिनिटं वहिनीच बोलल्या. दादा फाइलीच्या कोपऱ्याशी खेळत होते. मी दादांना काही विचारलं की उत्तर वहिनींकडून यायचं, आणि दादांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव. तो भाव मी पाहिला, वहीत नोंदवला, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती घेण्यातच जातो. त्रास कधीपासून, झोप, भूक, व्यसन, घरात कुणाला असं झालं होतं का, चालू औषधं कोणती. काही लोकांना हे पोलीस चौकीसारखं वाटतं आणि ते निराश होऊन घरी जातात, ‘मॅडम काही बोलल्याच नाहीत.’ दादांकडून मी दोन छोट्या प्रश्नावल्याही भरून घेतल्या. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांतल्या उदासीबद्दल नऊ प्रश्न असतात, गुण २७ पैकी. दादांचे १३ आले, म्हणजे मध्यम. जीएडी-७ ही चिंतेची, २१ पैकी. तीत १६ आले, म्हणजे तीव्र. या आकड्यांनी निदान होत नाही, पण दोन महिन्यांनी मागे वळून बघायला एक खुंटी मिळते.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. दादांनी तिथे ‘काही दिवस’ यावर खूण केली होती. हा विषय बायकोसमोर काढायचा की नाही? मी शेवटची दहा मिनिटं वहिनींना बाहेर बसायची विनंती केली आणि थेट विचारलं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी एक समजूत आहे. तसं होत नाही. दादा म्हणाले, “करणार काय नाही ओ मॅडम. पण झोपेत गेलो तर सुटलो, असं वाटतं कधी कधी.” कसं, कुठे, असं काही ठरवलेलं नव्हतं, पूर्वी कधी प्रयत्न नव्हता. तसं काही वाटू लागलं तर कुणाला उठवायचं, कुठे फोन करायचा, हे आम्ही एका कागदावर लिहिलं. १४४१६ त्यातच परत आला.

संमतीपत्रक मी त्या दिवशी वाचून दाखवलं. इथे बोललेलं इथेच राहील. अपवाद तीन: जिवाला धोका असेल तर, न्यायालयाने मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर, २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं कुणालाच टाळता येत नाही. दादांनी सही केली. वहिनी तेव्हा बाहेर होत्या, आणि गोपनीयतेचा अर्थ ‘बायकोलासुद्धा नाही’ असा होतो हे मी दोघांसमोर मोकळेपणाने बोलले नाही. कागदावर होतं, सही होती. माझी समजूत, झालं काम.

दुसरी भेट

दादा एकटे आले. पहिली पंधरा मिनिटं कोयना. धरण १०५ टीएमसीचं, आत्ता किती भरलंय, गेल्या वर्षी याच तारखेला किती होतं. मी ऐकत होते. मग मी विचारलं, “२०२१ ला माल वाचला. तरी त्रास तेव्हापासून का?”

बराच वेळ शांतता होती. नवीन माणसाला खोलीतली ही शांतता जड जाते. समुपदेशकाचं काहीतरी चुकलं असं वाटतं. ती मुद्दाम ठेवलेली असते.

“तेव्हा कळलं ना,” दादा म्हणाले, “की वाचवता येत होता.”

मग बाकीचं आलं. २०१९ च्या उन्हाळ्यात दुकानाच्या विम्याचा हप्ता भरायचा राहून गेला होता. काही हजारांचा हप्ता. आज भरू, उद्या भरू करत पॉलिसी बंद पडली. पूर ओसरल्यावर नऊ लाखांचा माल गेला, तेव्हा घरी काय सांगायचं? त्यांनी सांगितलं, कंपनीने क्लेम नाकारला. पुरात तशा तक्रारी सगळीकडेच ऐकू येत होत्या, कुणी शंका घेतली नाही. नंतर घेतलेलं कर्ज, बायकोचं सोनं तारण, सगळं त्या एका वाक्याच्या आधारावर उभं होतं. इतकी वर्षं.

त्या भेटीनंतर दादा जिना उतरताना हलके वाटले. रात्री मात्र त्यांना नेहमीपेक्षा वाईट झटका आला. हे आधी सांगून ठेवायला हवं असतं आणि मी ते सांगितलं होतं: झाकलेलं उघडलं की पहिले काही दिवस त्रास वाढतो, म्हणून लगेच उपचार चुकला असं समजू नका.

माझी चूक

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. रडवेला आवाज. “मॅडम, रात्री परत झालं. तुमच्याकडं येऊन तर जास्तच झालं. काय बोलले ते? मला काहीतरी सांगा, मी रात्रभर बसून काढली.”

मी म्हटलं, “वहिनी, मी सांगू शकत नाही.” इथे थांबायला हवं होतं. पण त्या रडत होत्या आणि मला त्यांना धीर द्यायचा होता. म्हणून पुढे म्हणाले, “ते मोकळे होताहेत. पैशाचं ओझं आहे त्यांच्या मनावर, ते हळूहळू हलकं होईल.”

मी काही गुपित फोडलं नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. पैशाचं ओझं कुठल्या दुकानदाराच्या मनावर नसतं? पण त्या रात्री वहिनींनी दादांना विचारलं, “कसलं ओझं? कर्ज तर मला माहीत आहे. आणखी काय आहे?” दादांना एकच गोष्ट कळली. मॅडमनी सांगितलं.

शुक्रवारची तिसरी भेट त्यांनी रद्द केली. मेसेज एका ओळीचा: ‘दुकानात गर्दी आहे.’ आषाढात कापडाच्या दुकानात गर्दी!

आता काय करायचं? एक मार्ग होता वाट बघायचा. समुपदेशकाने मागे लागू नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. यायचं की नाही हा समोरच्याचा अधिकार. दुसरा मार्ग फोन करून समजावण्याचा, पण त्यात मी माझाच बचाव करत बसले असते. तिसरा, वहिनींना फोन करून सावरण्याचा. हा सुचला होता, हे कबूल करते. पण त्याने दादांच्या पाठीमागे आणखी एक संभाषण झालं असतं.

मी माझ्या सुपरव्हायजर मॅडमना फोन केला. आमच्या कामात अनुभवी माणसाकडे, नाव न सांगता, आपली प्रकरणं मांडायची पद्धत असते. त्यांनी मला एकच विचारलं, “धीर कुणाला हवा होता? वहिनींना की तुला?” मला उत्तर देववलं नाही.

त्या संध्याकाळी मी दादांना लिहिलं: “वहिनींचा फोन आला होता. मी त्यांना तुमच्या बोलण्यातला एक शब्द सांगितला, तो सांगायला नको होता. चूक माझी. तुम्हाला परत यावंसं वाटलं तर त्यावरच बोलू. माझ्याकडे नको असेल तर दुसऱ्या कुणाचं नाव देते. रद्द केलेल्या वेळेची फी नाही.” मेसेज त्यांच्याच नंबरवर, आणि विम्याचा उल्लेख नाही, फोन घरात कुणाच्याही हातात असू शकतो. पुन्हा फोन केला नाही.

बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी: ‘उद्या दोनला येऊ का.’

परत आल्यावर

त्या भेटीत दादा रागावले. त्यांच्या आवाजात राग मी पहिल्यांदा ऐकला. “सही कशाला घेतली मग माझी?” मी कारणं दिली नाहीत. काय बोलले, कोणत्या शब्दांत, ते जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे कसं करायचं ते विचारलं. त्यांनीच नियम केला. घरून कुणाचाही फोन आला तर मी एवढंच म्हणायचं, ‘तुम्ही त्यांनाच विचारा,’ आणि फोन आला होता हे पुढच्या भेटीत त्यांना सांगायचं. हा नियम दादांनी स्वतः वहिनींना सांगितला, माझ्यामार्फत नाही.

राग सहन करू शकेल असं नातं त्या दिवशी तयार झालं, असं मला वाटतं. अर्थात चूक करून ते मिळवावं, असं मी कुणाला सुचवणार नाही. दादा परत आले म्हणून ही गोष्ट लिहायला मिळाली. जे येत नाहीत त्यांची प्रकरणं कुणी लिहीत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा अधिकार लिहिलेला आहे. पण परीक्षा होते ती रडणाऱ्या नातेवाइकाच्या फोनवर.

पुढचं काम

चौथ्या भेटीला ठरल्याप्रमाणे हिशेब मांडला. दादांनी चालू ठेवायचं ठरवलं, पण मी एक अट घातली: मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटायचं, गोळीसाठी. तोवर ती मनाने अचानक बंद करायची नाही. इतके महिने घेतलेली ही गोळी एकदम तोडली की त्रास उलटून येतो. वहिनींची अडचण दादांनीच सोडवली. सांगलीत नको, मिरजेत नको, थेट कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं आणि जुनी गोळी हळूहळू उतरवत आणली. नव्या औषधाचा गुण दिसायला तीनेक आठवडे गेले. त्या दिवसांत ‘काही उपयोग नाही’ असं दादा दोनदा म्हणाले.

माझ्याकडे दोन गोष्टी चालल्या होत्या. पहिली पाण्याची. दादांची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हटलं नाही. कृष्णा घरात येते, आली आहे. पण पन्नास वेळा मोबाइल बघितल्याने ती एक इंचही अडत नाही, हे दादांनाही माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. म्हणून आम्ही पातळी बघायच्या दोन वेळा ठेवल्या, सकाळी आठ आणि रात्री आठ. आणि एक कागद केला. पुलापाशी ३० फूट झालं की काउंटरखालचा माल बांधायचा. ३५ ला तळमजला मोकळा करायला घ्यायचा. ४० ला टेम्पो बोलावून उरलेला माल विश्रामबागच्या नातेवाइकांकडे, ४५ ची वाट बघायची नाही. टेम्पोवाल्याचा नंबर त्यातच. कुठल्या फुटाला काय करायचं हे ठरल्यावर मधल्या फुटांना काही करायचं उरत नाही, आणि दादांची रात्र त्या मधल्या फुटांतच जायची. पहिल्या आठवड्यात दोनचे अठरा झाले. मी साठवरून अठरा मोजले.

छाती आवळायची तेव्हा काय करायचं, याचा सरावही केला: श्वास सोडताना लांबवणं, आणि मुख्य म्हणजे दवाखान्याकडे न पळता दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसणं. झटका चढतो तसाच उतरतो, हे स्वतः एकदा पाहिल्याशिवाय पटत नाही. हृदयाच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या म्हणून हे करता आलं. त्या झाल्या नसत्या तर मी आधी तिकडे पाठवलं असतं.

दुसरी गोष्ट विम्याची. दादांनी विचारलं, “सांगू का तिला?” सहाव्या भेटीला, सातव्या भेटीला, तोच प्रश्न. मला वाटत होतं, सांगावं. मी ते म्हटलं नाही. सांगितल्यावर काय होईल याची त्यांची कल्पना काय, न सांगता किती दिवस काढता येतील, त्याची किंमत काय, एवढंच विचारत राहिले. समुपदेशक सल्ला देतो अशी समजूत असल्यामुळे नव्या माणसाला हे फार चिडवणारं असतं. दादाही एकदा म्हणाले, “आठशे रुपये घेऊन मलाच विचारता होय!”

आठव्या भेटीला ते वहिनींना घेऊन आले आणि माझ्यासमोर सांगितलं.

वहिनी पैशांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. विम्याचा एजंट त्यांच्या मावसबहिणीचा नवरा होता. क्लेम नाकारला, यांनी आपल्याला बुडवलं, म्हणून वहिनींनी त्या बहिणीशी बोलणं तोडलं होतं, तिच्या मुलाच्या लग्नालाही गेल्या नव्हत्या. “पैसे गेले ते गेले,” त्या म्हणाल्या. “मी ताईला काय काय बोलले ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ऐकत बसला होता.”

दुसऱ्या दिवशी त्या तासगावला माहेरी गेल्या. चार दिवस राहिल्या. तिथून परत येताना वाटेत मावसबहिणीकडे उतरल्या, एकट्या.

परिणाम

एकूण ११ भेटी, पाच महिन्यांत. माझी फी ८,८०० रुपये; कोल्हापूरच्या डॉक्टरांचा, औषधांचा आणि एसटीचा खर्च वेगळा. जीएडी-७ चे गुण १६ वरून ७ वर आले, पीएचक्यूचे १३ वरून ६ वर, नवव्या प्रश्नावर शून्य. छातीचे झटके पहिल्या महिन्यात चार होते, शेवटच्या दोन महिन्यांत एक. मोबाइल बघणं दिवसाला पाच-सहा वेळांवर थांबलं, दोनवर कधीच आलं नाही.

शेवटची भेट झालीच नाही. दिवाळीच्या गर्दीत ती राहिली, आणि या वेळची गर्दी खरी होती. नंतर मेसेज आला की बरं चाललंय. निरोपाची भेट व्हायला हवी होती. ती नीट ठरवून होणं हा उपचाराचाच भाग असतो. दादांसारखे अनेक जण बरं वाटायला लागलं की तसेच जातात. मी त्याचा आता बाऊ करत नाही.

घरातलं काय झालं, ते मला पूर्ण माहीत नाही. विमा आता वहिनींच्या नावाने आहे, एवढं कळलं.

पुन्हा करायचं तर

पहिल्या भेटीत दोघांना आत घ्यायचा निर्णय मी पुन्हाही घेईन, पण दहा मिनिटांपुरता. वीस मिनिटं एकाने दुसऱ्याचं बोलणं बोलायचं आणि मी ऐकायचं, हे चुकलं. दादांच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव म्हणजे ‘आज सांगायचं टळलं’ हा होता.

संमतीपत्रक मी आता सोबत आलेल्या माणसासमोरही वाचते आणि तोंडाने विचारते: उद्या यांनी मला फोन केला तर मी काय म्हणू? उत्तर पेशंटने द्यायचं, त्या माणसाच्या देखत. अर्धा मिनिट लागतो. बऱ्याच घरांत त्या अर्ध्या मिनिटात जे वातावरण होतं त्यावरून मला पुढच्या तीन भेटींचं काम कळतं. मला सर्वांत मोठा बदल हाच करायचा होता, आणि तो दादांमुळे झाला.

गोळीचा मुद्दा मी चौथ्या भेटीपर्यंत थांबवायला नको होता. पहिल्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांशी बोलायची लेखी परवानगी दादांकडून घेता आली असती. माणूस पळून जाईल या भीतीने मी तो पुढे ढकलला, म्हणजे दादांनी हप्ता ढकलला तसाच.

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वहिनींचा फोन आला. मी सवयीने म्हणाले, “वहिनी, तुम्ही दादांनाच...” त्यांनी मला थांबवलं. “त्यांचं विचारायला नाही केला फोन. मला यायचंय. माझ्यासाठी.”

मला आनंद झाला, आणि मी नाही म्हटलं. नवऱ्याचं सगळं ऐकलेल्या माणसाला बायकोचं कोऱ्या मनाने ऐकता येत नाही. दोघांपैकी कुणाचं काय मला कुणाकडून कळलं, याचाच गोंधळ झाला असता. मी त्यांना मिरजेतल्या एका सहकारी मॅडमचं नाव आणि नंबर दिला. फी, वेळ, जागा सांगितली, फोनवर काय काय विचारायचं तेही सांगितलं.

वहिनींनी नंबर लिहून घेतला. मग विचारलं, “त्या मॅडम फोनवर कुणाला काही सांगत नाहीत ना?”